तीन अक्षरांची जागा

आमच्या घरात चारशे बारा वाक्यं एका पेटीत ठेवलेली आहेत. पेटी म्हणजे लॅपटॉप आणि वाक्यं माझ्या सासऱ्यांची. सासरे चांगले हयात आहेत. समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात, चहात साखर कमी पडली की कपाळाला आठी घालतात. फक्त त्यांचा आवाज तेवढा पेटीत राहतो.

नरहरराव त्यांचं नाव. घरात सगळे अप्पा म्हणतात, आणि सीमेवरच्या आमच्या भालकीत निम्मं गावही अप्पाच म्हणतं. पस्तीस वर्षं ते मोजणी खात्यात होते. हुमनाबाद, औराद, आळंद, सगळ्या तालुक्यांतली शेतं त्यांनी पायाखाली घातली. एका बांधावर मराठीत भांडण, दुसऱ्या बांधावर कन्नडमध्ये, आणि कचेरीतले जुने कागद उर्दूत. तिन्ही भाषांत अप्पांचा आवाज तेवढाच खणखणीत. तूर कापणीला आलेल्या शेतात या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला "काठी डावीकडं घे!" म्हणून सांगायचं, तर आवाज हवाच.

त्याच आवाजात ते मंगलाष्टकं म्हणत. पोटापाण्यासाठी नव्हे, हौस. ज्याचं शेत मोजलं त्यानं लेकीच्या लग्नाला बोलवायचं, हे ठरूनच गेलं होतं. "साहेब, बांधाचं भांडण तुम्ही मिटवलंत, आता अक्षताही तुमच्याच आवाजात पडू द्या." किती लग्नांत म्हटली असतील, मोजदाद नाही. मी या घरात आले त्या दिवशी माझ्याही डोक्यावर अक्षता त्यांच्याच आवाजात पडल्या. नवरदेवाचा बाप स्वतःच मंगलाष्टकं म्हणतोय हे पाहून माझ्या माहेरची माणसं चकित झाली होती.

तीन वर्षांपूर्वी तो आवाज बसायला लागला. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी हैदराबादला दाखवलं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. गाठ वाईट आहे, पण वेळेत सापडली आहे. स्वरयंत्र मात्र काढावं लागेल. अप्पांनी एकच विचारलं, "किती दिवस आहेत?"

डॉक्टर म्हणाले, "तसं घाबरू नका. ऑपरेशननंतर तुम्ही बरीच वर्षं जगाल."

"ते न्हाई. आवाजाचे किती दिवस?"

एकोणीस दिवस होते.

त्या एकोणीस दिवसांत त्या माणसानं काय केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं. मोजणीला न्यायची तसली लांबट वही काढली आणि पुढच्या आयुष्यात लागतील ती वाक्यं लिहायला बसले. मग मधल्या खोलीची दारं-खिडक्या लावून, लॅपटॉपला छोटा माइक जोडून, एकेक वाक्य भरायचं. माझं काम बाहेर पहारा देण्याचं. कुकर लावायचा नाही, दूधवाल्याला कडी वाजवू द्यायची नाही, पाण्याची मोटर बंद.

वाक्यं तरी कसली! "आंघोळीचं पाणी निघालं का?" "पावती दे बाबा, पावती." "आलो, आलो." "वासंती, चहा." वासंती म्हणजे मी. माझा चहा तीन तऱ्हांनी भरलेला आहे: साधा, घाईचा, आणि पाहुणे आलेत असं सुचवणारा. माझ्या मुलीचं नाव, विभा, अकरा तऱ्हांनी. रागाची वाक्यंही चांगली चाळीसेक होती. ती ऐकून दारात बसून राहिलेल्या सासूबाई, नलिनीबाई, बाहेरूनच बोलल्या.

"राग कामून भरून ठेवायलात हो? देव आवाज नेतोय तर निदान राग तरी त्याच्याबरोबर जाऊ द्या की!"

"राग गेला तर घरात मला विचारील कोण?" अप्पा आतून म्हणाले. आणि लगेच, "वासंती, हे पण भरलं गेलं बघ. असू दे."

शेवटच्या दिवशी मंगलाष्टकं भरली. आठही त्यांची स्वतःची रचना. सातव्या अष्टकात एक ओळ विभासाठी होती. तेव्हा ती कलबुर्गीला शिकत होती, लग्नाचं नावही कुणी काढलं नव्हतं. ओळ अशी: "माझी नात विभा सुखात रमु दे", मग थोडी जागा, मग "संगे सदा". जागा नवऱ्याच्या नावाची. वृत्ताच्या हिशेबानं तीन अक्षरांची.

माझे यजमान, विजयेंद्र, शाळेत गणित शिकवतात. त्यांनी लगेच शंका काढली. "अप्पा, नवरदेव चन्नबसवेश्वर निघाला तर? तीन अक्षरांत मावणार न्हाई."

"मग मी जास्त वेळ थांबीन," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही हैदराबादला निघालो. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द आलेला नाही. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतात, त्यावर मऊ सुती फडकं असतं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. आठवडाभर वापरलं आणि पाटीवर लिहिलं, "हे बोलतंय ते मी न्हाई." यंत्र कपाटात गेलं.

मग त्यांनी पेटीतल्या आवाजानं बोलायला शिकायला सुरुवात केली. विजयेंद्रांनी एक छोटा बिनतारी कीबोर्ड आणून दिला. त्याच्या वरच्या ओळीत गाणी लावायची बटणं असतात ना, वाजव-थांबव, पुढचं, मागचं, आवाज कमी-जास्त, त्या बटणांवर अप्पांनी हात बसवला. रोजची वाक्यं एका रांगेत लावली. कशानंतर काय येतं ते बोटांना पाठ. लॅपटॉप कोपऱ्यात, कीबोर्ड मांडीवर उपरण्याखाली, आणि नजर समोरच्या माणसावर. पहिल्या वर्षी उत्तर यायला अर्धं मिनिट लागायचं. दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना कळेनासं झालं की आवाज कोपऱ्यातून येतोय. बोलता बोलता वाक्य मध्येच थांबवून समोरच्याला टोलवायची सवयही त्यांनी परत मिळवली. "पावती दे..." म्हणून थांबायचे, दुकानदार घाबरला की "बाबा, पावती." म्हणून पूर्ण करायचे. थांबण्यातच त्यांचं बोलणं होतं.

यंदा विभाचं ठरलं. मुलगा कलबुर्गीचा, घरी कन्नड बोलणारे, नाव प्राणेश. नाव कळलं तेव्हा विजयेंद्रांनी बोटावर अक्षरं मोजली. प्रा, णे, श. वृत्तात टाचणी लावल्यासारखं बसत होतं. विभानं सासरच्यांना एकच अट घातली, "मंगलाष्टकं माझे अप्पा म्हणणार." ती माणसं भली. हो म्हणाली.

योजना ठरली. अप्पा बोहल्याशेजारी खुर्चीत बसणार, कीबोर्ड उपरण्याखाली. अष्टकं एकेक करून तेच लावणार, तेच थांबवणार. सातव्यात "रमु दे" झालं की थांबायचं, विजयेंद्रांनी "प्राणेश" म्हणायचं, की पुढं "संगे सदा". रोज संध्याकाळी तालीम. अप्पांचा अंगठा त्या बटणावर असा पडायचा की "दे" पुरा व्हावा आणि श्वासही पुढं जाऊ नये.

आणि लग्नाला नऊ दिवस राहिले असताना, शुक्रवारी, ते बटण बंद पडलं.

नाश्त्याला मी विचारलं, "अप्पा, पोहे घालू का अजून?" त्यांचा अंगठा हलला. आवाज नाही. पुन्हा हलला. नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, ते पाहणं मी विसरणार नाही. माणसाला दुसऱ्यांदा मुकं होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

विजयेंद्र म्हणाले, "कीबोर्ड गेला. उदगीरहून नवा आणतो आजच."

अप्पांनी पाटी घेतली. "थांब. काय गेलं ते कळल्याबिगर काही बदलायचं न्हाई."

"अप्पा, दिवस किती राहिलेत?"

"म्हणूनच."

आणि मोजणीची वही निघाली. पान उघडून त्यांनी मध्ये उभी रेघ मारली. डावीकडं काय केलं, उजवीकडं काय झालं, आणि समासात घड्याळातली वेळ. एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले की कुणामुळं काय झालं ते कळत नाही, असं त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं. मी कॉलेजात तीन वर्षं विज्ञान शिकले, प्रयोगवह्या भरल्या. पण प्रयोग कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

कीबोर्डातले सेल बदलले. फरक नाही. कीबोर्डचा संदेश पकडणारं, लॅपटॉपला लावायचं ते नखाएवढं बोंडूक या भोकातून काढून त्या भोकात घातलं. फरक नाही. मग अक्षरं टाइप करून पाहिली. सगळी उमटली. वरच्या ओळीची बटणं दोन कामं करतात, एका बटणानं त्यांचं काम बदलतं. तेही उलटसुलट करून झालं. फरक नाही. मग अप्पांनी त्याच ओळीतलं आवाज वाढवायचं बटण दाबलं. पडद्यावर आवाजाची पट्टी सरसर वर गेली!

अप्पा खुर्चीत सरळ झाले. पाटीवर लिहिलं, "इथवर दगड पक्का."

विजयेंद्र मला म्हणाले, "आता हे शेत मोजायलेत बघ."

आणि खरंच तसंच होतं. हळ्ळीखेडकडं दोन सख्खे भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले होते, त्याची गोष्ट अप्पा पूर्वी सांगायचे. सगळे म्हणायचे बांध सरकला, बांध सरकला. अप्पा मागं मागं जात ज्याच्याबद्दल कुणाचंच दुमत नाही अशा दगडापाशी पोचले आणि तिथून एकेक साखळी टाकत पुढं आले. "जिथं खात्री आहे तिथवर मागं जायचं, अन् तिथनं पुढं यायचं. चूक वाटेतच बसलेली असती." आता खात्रीचा दगड होता आवाजाचं बटण. ते चालतं, म्हणजे सेल खरे, बोंडूक खरं, ती ओळही खरी. मग शेजारचंच बटण का मुकं?

शनिवारी विजयेंद्रांनी शाळेतला दुसरा कीबोर्ड आणला, नुसता ताडून पाहायला. त्याचंही तेच. अक्षरं उमटतात, आवाज वाढतो, वाजव-थांबव नाही.

"घ्या. आणला असता उदगीरहून तर?" सासूबाईंनी लेकाला टोमणा मारला.

"आई, मी आणला न्हाई की."

"आणणार होतास. तेवढंच पुरं झालं."

शनिवारी दुपारी अप्पांनी लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. बटण दाबलं, आणि मधल्या खोलीतून "आलो, आलो" असा आवाज आला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. विजयेंद्र म्हणाले, "संपलं! बंद करून चालू करायचं, एवढंच होतं." अप्पा हसले नाहीत. वहीत लिहिलं, "दु. ३.१०. चालू. कारण माहीत न्हाई."

रविवारी सकाळी उठल्यावर चालू होतं. नाश्त्याला बंद.

पुन्हा लॅपटॉप बंद-चालू. पुन्हा बटण बोललं. सोमवारी सकाळी सातला चालू, पावणेनऊला बंद. मंगळवारी तसंच.

साउंडवाला माउली तालमीला येऊन गेला. पोरगा गुणी. म्हणाला, "अप्पा, तुम्ही कशाला तरास घेता? मी मधली जागा लांब करून आठही अष्टकं एकात जोडून देतो. एकदा लावलं की सरळ शेवटपर्यंत."

अप्पांनी पाटीवर लिहिलं, "मग ते कॅसेट झालं. लग्न माझ्यासाठी थांबणार न्हाई, मीच लग्नासाठी थांबायचं असतंय."

"मग स्पेसचं बटण दाबा. त्यानंही थांबतंय."

तेही करून झालं होतं, वहीत नोंद होती. स्पेस थांबवतं, पण पडद्यावर वाक्यं वाजवणारी खिडकी पुढं असेल तरच. तालमीत मध्येच कसलीशी सूचना पुढं आली आणि अप्पा दाबत राहिले, आवाज पुढं धावत राहिला. "रमु दे संगे सदा." प्राणेशला जागाच नाही. विभा तेव्हा नुकतीच रजा घेऊन घरी आली होती. ती हसली, आणि मग हसता हसता उठून आत गेली.

मी तिच्या मागोमाग गेले. ती म्हणाली, "आई, अप्पांना म्हण, नाही झालं तरी चालेल. मला फक्त ते तिथं बसलेले हवेत." मी अप्पांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, म्हणून.

बुधवारी सकाळी, नाश्त्यानंतर, अप्पांनी मला समोर बसवलं. वहीत उभ्या ओळीत वेळा होत्या. सात, चालू. पावणेनऊ, बंद. रोज. त्यांनी त्या वेळांवर पेन्सिल आपटली आणि पाटीवर लिहिलं, "या दोनच्या मधी या घरात रोज काय होतं? सगळं लिही. संबंध वाटला न वाटला, सगळं."

"अप्पा, कॉम्प्युटरला कोण हात लावतं ते विचारता का?"

मान हलली, नाही. लिहिलं, "दगड कुठं होता हे गावकऱ्याला इचारू नये. ढोरं रोज कुठनं जातात ते इचारावं."

मी लिहायला लागले. सातला दूध. सव्वासातला मोटर. तुम्ही उन्हात फिरायला जाता. विभा उठते. मी कणीक मळते. आठला आईंची आंघोळ, मग पूजा. साडेआठला आई नैवेद्य दाखवतात आणि देवाला पत्रिका...

माझी पेन्सिल थांबली.

आता हे सांगायला हवं. हल्ली आमच्याकडं पत्रिका छापत नाहीत फारसं कुणी, व्हिडिओ करून फोनवर पाठवतात. विभाच्या लग्नाचीही तशीच. नाचरे दिवे, सोंड हलवणारा गणपती, मागं सनई. पण पहिली पत्रिका देवाला, हा नेम. अक्षता वाहून देवापुढं ठेवायची आणि लग्न लागेपर्यंत तिथून उचलायची नाही. व्हिडिओ आला तो गुरुवारी रात्री. शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी लॅपटॉपच देवघरात नेला. देवाला पत्रिका दाखवली आणि चार अक्षता वाहिल्या, पडद्यावर नव्हे, पडद्याच्या कडेला. मग प्रश्न आला, लॅपटॉप तर अप्पांना लागणार, आणि पत्रिका तर उचलायची नाही. त्यांनी विभाला फोन लावला. विभानं फोनवरून सांगितलं, "आजी, तो व्हिडिओ परत परत चालू राहील असं कर, त्याचा आवाज बंद कर, आणि खिडकी खाली पाठवून दे. बंद झाला न्हाई म्हणजे उचलला न्हाई." सासूबाईंना हे पटलं. तेव्हापासून रोज सकाळी, पत्रिका चालू आहे ना, बघायचं. लॅपटॉप बंद-चालू झाल्यामुळं नसली, तर पुन्हा लावायची आणि हात जोडायचे.

हे मला माहीत होतं. मी रोज पाहत होते. सांगावंसं कधी वाटलं नाही, कारण देवघराचा आणि बटणाचा संबंध कुणाला वाटेल?

सासूबाईंना बोलावलं. त्या पदराला हात पुसत आल्या. "आता माझ्यावर आलं व्हय? मी बटणाला बोट लावलं न्हाई हो. नुसती पत्रिका."

अप्पांनी त्यांना हातानं 'बस' म्हटलं. खालून ती खिडकी वर आणली. पडद्यावर गणपती सोंड हलवत होता, दिवे लुकलुकत होते, आवाज काही नाही. अप्पांनी कीबोर्ड उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला, आणि वाजव-थांबव बटण दाबलं.

गणपतीची सोंड हवेत थांबली.

पुन्हा दाबलं. सोंड हलली. पुन्हा. थांबली.

सासूबाईंनी हात जोडले होते, कुणाला, त्यांनाही ठाऊक नसावं. विभा भिंतीला टेकून उभी होती. सहा दिवस आम्ही समजत होतो बटण मेलंय. ते एकदाही चुकलं नव्हतं. अप्पांच्या अंगठ्याचा प्रत्येक हुकूम पोचत होता. फक्त आत कुणीतरी दुसराच उठून 'ओ' देत होता, आणि त्याला आवाज नव्हता.

अप्पांनी सावकाश पाटीवर लिहिलं, "माझा शब्द देवाकडं जायलाय." आणि खांदे हलवत हसले, बिनआवाजाचं, डोळ्यांत पाणी येईतो.

"आता ती खिडकी बंद करून टाका," विजयेंद्र म्हणाले.

"हात तर लाव!" सासूबाई उठल्या. "देवापुढची पत्रिका हाय ती. चार दिवसांवर लग्न आलंय अन् उचलतोस?"

"आई, अप्पांचा आवाज..."

"ते मला सांगू नगोस. एकोणीस दिवस दारात मी बसले व्हते, रडले न्हाई, आवाज आत जाईल म्हणून. तू मला सांगायलास?"

मला वाटतं अप्पांचं खरं मोठेपण मी त्यानंतरच्या तासाभरात पाहिलं. त्यांच्या अंगठ्याच्या एका टिचकीवर ती पत्रिका बंद झाली असती. त्यांनी ती केली नाही. जे त्यांच्या आवाजाच्या आड आलं होतं त्याची जागाही तेवढीच खरी आहे असं धरून ते शोधायला बसले. इंटरनेटवर विचारलं, वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. शेवटी सापडलं: ज्या ब्राउझरमध्ये पत्रिका चालू होती, त्यानं कीबोर्डच्या बटणांना 'ओ' द्यायची की नाही, हे आत एका ठिकाणी ठरवता येतं. तेवढं बंद करायचं. पत्रिका चालूच राहील, पण बटणं तिला लागणार नाहीत. मात्र बदल लागू व्हायला ब्राउझर एकदा बंद होऊन उघडणार. दोन-तीन सेकंद.

अप्पांनी पाटी सासूबाईंपुढं धरली. त्यांनी ती वाचली. मग अप्पांनी माउस धरून, हळूहळू शोधत, एक वाक्य काढलं. मी ते कधी वाजलेलं ऐकलं नव्हतं. भरलेल्या आवाजात, अगदी खाली, "अगं, एवढं ऐक माझं."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "तुमचं न ऐकून कुणाचं ऐकलंय जन्मात," म्हणाल्या, आणि लॅपटॉप उचलून देवघरात घेऊन गेल्या. देवापुढं ठेवला, अक्षता हातात घेतल्या, नमस्कार केला, "लेकराच्या कार्यासाठी जरा उचलायलाव रे बाबा, लगीच ठेवतो." आणि मागं न बघता म्हणाल्या, "करा."

अप्पांनी पडद्यावरचं ब्राउझर पुन्हा उघडायचं बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. एक, दोन. खिडकी उघडली. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं पत्रिका पुन्हा लावली, आवाज बंद केला, अक्षता वाहिल्या. सोंड हलायला लागली. अप्पांनी अंगठा टेकवला, आणि देवघरात त्यांचा आवाज भरून राहिला: "माझी नात विभा सुखात रमु दे..." आणि थांबला. जागच्या जागी. पडद्यावर गणपती हलतच होता.

वहीत त्यांनी शेवटची नोंद केली. "स. १०.५०. चालू. कारण माहीत हाय."

रविवारी कार्यालयात माणूस मावेना. प्राणेशकडची मंडळी दोन बस भरून आली होती. अंतरपाट धरला. अप्पा बोहल्याशेजारी खुर्चीत बसले, उपरणं मांडीवर, नजर विभाकडं. पहिलं अष्टक सुरू झालं आणि गर्दीतला गलका एकदम खाली बसला. ज्यांना माहीत होतं ते अप्पांच्या मिटलेल्या ओठांकडं बघत राहिले. ज्यांना माहीत नव्हतं ते, गाणारा कुठं आहे, म्हणून माना वळवत राहिले. प्रत्येक 'सावधान'ला अक्षता पडत, अप्पा थांबत, हात खाली येईतो वाट पाहत, मग पुढचं लावत. एका बाळाच्या डोळ्यात अक्षत गेली, ते रडायला लागलं. ते शांत होईपर्यंत अप्पा थांबले. भरलेला आवाज एवढा जिवंत असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

सातवं आलं. "माझी नात विभा सुखात रमु दे..."

थांबलं.

विजयेंद्रांनी म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. ओठ उघडलेले, गळ्याची शीर ताठ, आवाज नाही. एक क्षण गेला. दुसरा. माउली साउंडच्या पेटीमागून मान उंच करून बघत होता. अप्पांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला, जराही न दबलेला. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती. ते दिवसभर थांबले असते.

आणि अंतरपाटाच्या अलीकडून, मुंडावळ्यांच्या आडून, खालमानेनं, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, विभा म्हणाली, "प्राणेश."

अंगठा खाली गेला. "संगे सदा."

तिच्या शेवटच्या अक्षराला अप्पांचं पहिलं अक्षर असं लागून आलं की दोघं एकाच श्वासात म्हणत आहेत असं वाटलं. अक्षता पडल्या. माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या.